दुर्बीणवाल्या काकूंचा परीट

दुर्बीणवाल्या काकूंना माणसं आवडत नसत. हे त्या लपवतही नसत, पहिल्या भेटीतच तोंडावर ऐकवत. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले त्या वर्षीची गोष्ट. मागच्या दारी धुणं वाळत घालत होते, तर दगडी गडग्यापलीकडून, म्हणजे नगरपालिकेच्या बागेतून, आवाज आला, "ए, तो पांढरा परकर काढ आधी! पाखरं बुजतात." बघते तर बाकावर नऊवारीतली एक काटकुळी बाई, डोळ्यांना भलीमोठी दुर्बीण, आणि दुर्बिणीचं तोंड थेट माझ्या परकराकडे. मी म्हटलं, "परकर माझा, दोरी माझी. तुम्ही दुसरीकडे बघा." त्या म्हणाल्या, "जीभ बरी चालत्ये. मास्तराचं काही खरं नाही." माझे यजमान शाळेत मास्तर, त्यामुळे मी त्यांची कायमची 'मास्तरीण' झाले. त्या दिवशी आमचं जे जुंपलं, ते शेवटपर्यंत.

काकूंचे यजमान आगबोटीवर खलाशांचे सारंग होते. ते गेले, त्यांची दुर्बीण मागे राहिली. श्रावण सरत आला की काकू ती गळ्यात अडकवून रोज सकाळी बागेत यायच्या. उत्तरेकडची पाखरं थंडीला कंटाळून आपल्याकडे येतात, त्यांची वाट बघायला. हळद्या, भोरड्या सगळे पुढेमागे यायचे, पण पहिला मान परटाचा. चिमणीएवढा पक्षी, पोटाखाली पिवळा, शेपूट सारखी वरखाली. गणपतीच्या आगेमागे हौदाजवळच्या ओल्या जमिनीवर उतरायचा. तो दिसला की काकू हसायच्या. एरवी त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही.

आमच्या आळीचा मात्र या पाखरांवर काडीचा विश्वास नव्हता. गावात तेव्हा नुकता टीव्ही आला होता, आणि आळीत म्हणत, बाकीच्यांच्या घरात टीव्ही आहे, म्हातारीला आमची घरंच टीव्ही आहेत. मीसुद्धा एकदा गडग्यावरून ओरडले, "आज आमच्याकडे आमटी कशाची, तेवढं सांगा बघू, म्हणजे मला झाकण उघडायला नको!" काकू शांतपणे म्हणाल्या, "कशाचीही असो, खारट असणार." खारट झाली होती, हो! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की दिवसभर खिडकी बंद ठेवली.

चाकरमान्यांवर त्यांचा विशेष राग. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला. "पाच दिवस येतात, मोदक चापतात, घर कधी विकायचं ते विचारतात नि जातात," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा हा शिंचा परीट बरा. एकदा आला की होळीपर्यंत हलत नाही." हा परीट माझ्या दोरीवर बसून घाण करायचा ते वेगळंच. मी तक्रार केली की त्या म्हणत, "ती चादर धुतलेली होती होय? मला वाटलं, पायपुसणं वाळत घातलंस."

मग एका श्रावणात काकू बाकावरून पोरांवर खेकसत होत्या, "लांब व्हा मेल्यांनो, परीट उडेल!" मी गडग्यावरून वाकून बघितलं. दुर्बीण रोखलेली होती ती फणसाच्या पिवळ्या पानावर. गळून पडलेलं पान, वाऱ्याने हलत होतं. एवढी नामी संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती. पण मी बादली उचलून आत गेले. नंतर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, काकू फाटक हाताने चाचपत होत्या. डोळ्यांत काचबिंदू, हे मला फार पुढे कळलं. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं की थोरला मुलगा बाबू त्यांना डोंबिवलीला घेऊन जाणार, हे ठरलेलं. त्यांच्या मते डोंबिवलीत कावळे नि माणसं, दोनच गोष्टी.

गणपतीला थोरला आला. आळीतल्या कुणी तरी त्याच्या कानावर घातलंच, तुझी आई रस्त्यात सायकलवर आपटली. तो म्हणाला, "आई, आता पुरे. सामान बांध." काकू कडाडल्या, "मला सगळं दिसतंय! बागेत चल, दाखवत्ये." आणि आली मिरवणूक बागेत. पुढे काकू, मागे थोरला, त्याची बायको, आणि तमाशा बघायला अर्धी आळी. मी धुणं घालत होते. परीट आदल्याच दिवशी आला होता आणि नेमका माझ्या गडग्यावर शेपूट हलवत बसला होता. थोरल्याला तो दिसला. म्हणाला, "हां, सांग आता, कुठे बसलाय तुझा परीट?"

एरवी त्याचं चिटचिट ऐकूनच काकूंनी सांगितलं असतं. पण फाटकाजवळ मंडळाचा कर्णा आरत्या किंचाळत होता. काकूंनी दुर्बीण लावली ती हौदाकडे. मग बदामाच्या झाडाकडे. थोरल्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघून मान हलवली, आणि माझं डोकंच फिरलं.

मी कर्ण्याच्या वरताण ओरडले, "काय हो काकू, बदामाकडे बघायचं नाटक नको! माझ्या गडग्यावर, तुळशीच्या डाव्या अंगाला बसलाय तुमचा मेला परीट, हाकला त्याला! पुन्हा चादरीवर घाण केलीन तर गोफणीने उडवीन!"

दुर्बीण गर्रकन वळली. "हात तर लावून बघ, हात मोडून ठेवीन तुझा! बाबू, दिसला ना? तुळशीच्या डावीकडे. या बयेपायी पाखराला धड बसता येत नाही!" आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की आरती ऐकू येईना. थोरला कपाळावर हात मारून म्हणाला, "नजर आहे, आणि तोंडही आहे." पाच दिवसांनी तो आईला न घेताच परतला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू पहिल्यांदाच माझ्या मागच्या दाराशी आल्या. मला वाटलं, आभार मानणार. "तू बोंबललीस म्हणून उडाला," त्या म्हणाल्या. "मला बघू दिला नाहीस." आणि पायाने पायरी चाचपत निघून गेल्या. मी त्यांच्यामागे चार शब्द फेकले, सवयीने.

त्यानंतर परीट आला की मी गडग्यावरून शिव्या घालायची आणि काकू उलट घालायच्या. कुठे बसलाय, काय करतोय, हे सगळं त्या शिव्यांत यायचं. पण अंधार वाढतच गेला. एका वर्षी काकू हौदात पडल्या, मग मात्र थोरल्याने ऐकलं नाही. गणपती झाल्या झाल्या टॅक्सी दारात आणली. मी गेले. काकू मागच्या सीटवर दुर्बीण मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पदर नीट, तोंड बागेकडे. माझी चाहूल लागली तसं त्यांनी विचारलं, "आला का गो?"

शिवी नाही, टोमणा नाही. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. परीट त्या वर्षी अजून आला नव्हता. पण मी म्हटलं, "आला ना काकू. हौदावर बसलाय. छान दिसतोय."

त्यांनी कान बागेकडे लावला. मग म्हणाल्या, "डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. हौदावर कोणी नाही." आणि काच वर करता करता, "सगळे झाले, आता तूही माझी कीव करायला लागलीस होय गो मास्तरणी?"

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी मागच्या दारी जाऊन दोरीवरचा पांढरा परकर काढला.