वरचा बाण
ताज्या गुळाचा वास आला की मला आबांची पाठ आठवते. आबा, माझे वडील, कोल्हापूरच्या गूळबाजारात हमाल होते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला होते. पदार्थविज्ञानाच्या वहीत मी आबांच्या पाठीवरची गुळाची ढेप काढली आणि तिला दोन सारखे बाण दिले, वजनाचा खाली, पाठीचा वर. गुळानं चिकटलेले हात पुसत आबा म्हणाले, "वरचा खोड. ओझं खालीच दाबतंय की." मी म्हटलं, "आबा, तुमची पाठ तेवढ्याच जोरानं वर रेटते, म्हणून तर ढेप पडत न्हाय." त्यांनी वरच्या बाणावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे त्यो बाण माझा व्हय? जरा ठळक काढ की." आज नातीला शिकवतानाही मी वरचाच बाण आधी काढते.