सत्तेचाळीस नंबरवरचा ओघळ

नौदलात मी पंधरा वर्षं काढली. माण तालुक्यातला, टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस नेमका नेव्हीत गेला म्हणून गावात अजून माझी थट्टा होते. मी हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बहारीनला गेलो. सलमाबादच्या एका जनरेटर वर्कशॉपमध्ये फोरमन. ड्युटी सकाळी सहा ते दुपारी तीन, शुक्रवारी सुट्टी.

खोलीत माझ्यासोबत हनीफ मुकादम होता. राजापूरचा, आमच्याच कंपनीत क्लार्क. घरी बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील. सगळं घर त्याच्या व्हिसावर उभं होतं. हनीफला दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, हेलिकॉप्टरचे फोटो काढण्याचा. दर शुक्रवारी सकाळी तो मोठी लेन्स घेऊन मुहर्रकच्या किनाऱ्यावर जायचा. तिथल्या धावपट्टीवरून एका परदेशी नौदलाची हेलिकॉप्टरं समुद्राकडे निघत. कुंपणावर कॅमेऱ्यावर लाल काट मारलेली पाटी होती. हनीफ पाटीपासून दोनशे पावलं लांब उभा राहायचा आणि त्याला वाटायचं, झालं, कायदा पाळला.

मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, उलट शिकवलं. फोटोमागे नोंद नसेल तर तो नुसता कागद, हे आमच्या स्क्वाड्रनमधलं वळण मी त्याला लावलं. तारीख, वेळ, मशीनचा नंबर, अंदाजे उंची, दिशा. हनीफचं अक्षर सुरेख. दोन वर्षांत त्याचे तीन अल्बम भरले आणि प्रत्येक फोटोमागे लष्करी शिस्तीची नोंद. ती नोंद तिसऱ्या माणसाला कशी दिसेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

एका गुरुवारी दुपारी तो स्टुडिओतून नवे प्रिंट घेऊन आला. मी चहा पीत एकेक पाहत होतो. सत्तेचाळीस नंबरच्या मशीनवर माझी नजर अडकली. मेन गिअरबॉक्सच्या खालून शेपटीकडे गेलेला तेलाचा काळा ओघळ. थोडंफार तेल सगळ्याच मशीनवर दिसतं. मी आधीच्या दोन शुक्रवारचे फोटो मागितले. पहिल्यात वीतभर, दुसऱ्यात हातभर, तिसऱ्यात दारापासून शेपटीपर्यंत. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"त्यांच्या लोकांना दिसत नसंल काय, भाऊ?" हनीफने विचारलं.

दिसत नसणार, हे मला ठाऊक होतं. जमिनीवर मशीन रोज पुसतात. ओघळ उडतानाच दिसतो.

मी नौदलात असताना आमच्या तळावर एकदा कॅप्टनचं इन्स्पेक्शन होतं. आदल्या दिवशी हुकूम आला की सगळी मशीन आरशासारखी हवीत. माझ्या मशीनवर असाच ओघळ होता. मी तेलाची लेव्हल भरली, केरोसीनच्या फडक्याने पोट लख्ख पुसलं आणि ठरवलं, इन्स्पेक्शन झालं की बिघाडांच्या फॉर्ममध्ये लिहू. इन्स्पेक्शन झालं, माझी शिफ्ट संपली, लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मशीन कोरडं दिसलं. ०६४० ला ते उडालं. ०७१५ ला मी कंट्रोलच्या गाडीपाशी उभा होतो, तेव्हा रेडिओवर पायलटचा आवाज आला.

"गिअरबॉक्स प्रेशर झिरो. डिचिंग." म्हणजे तो मशीन समुद्रात उतरवत होता.

"से पोझिशन," कंट्रोल म्हणाला. पुन्हा म्हणाला. उत्तर आलं नाही.

हे मी हनीफला त्या दुपारी सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणालो की फोटो घेऊन गेटवर जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, तुला पकडतील. तो बराच वेळ अल्बम उलटत बसला. नमाजाला जाऊन आला आणि म्हणाला, "आतमधी माणसं हत ना? मग चला."

शुक्रवारी ०७०५ ला आम्ही गेटवर पोहोचलो. मी नाव आणि जुनी रँक सांगितली. पोलिसाने आम्हाला उन्हात उभं केलं. तेवढ्यात डोक्यावरून सत्तेचाळीस नंबर समुद्राकडे गेला. मी ओरडून त्यांच्या मेकॅनिकला बोलवायला सांगितलं. वीस मिनिटांनी एक पिकल्या केसांचा चीफ मेकॅनिक आला. त्याने तिन्ही फोटो हातात घेतले. ओघळावर बोट ठेवलं. मग उलटून तारखा वाचल्या. तो गेटच्या केबिनमध्ये धावला आणि त्याने कंट्रोलला फोन लावला.

"फोर सेव्हन, रिटर्न टू बेस. नाऊ."

०७४२ ला मशीन उतरलं. पंखा थांबेपर्यंत मी कुंपणाच्या जाळीला धरून होतो. चौघं जण चालत बाहेर आले. एक जण हेल्मेट काढून हसत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

चीफने माझा हात हातात घेतला, हनीफचाही घेतला. पण फोटो तोवर पोलीस अधिकाऱ्याच्या टेबलावर होते आणि तो एकेक उलटून मागची नोंद वाचत होता. वेळ, नंबर, उंची, दिशा. दुपारपर्यंत खोलीतून अल्बम आले, निगेटिव्ह आल्या. लिहायला मी शिकवलं, असं मी चारदा सांगितलं. त्यांनी ते चारदा लिहून घेतलं. कॅमेरा हनीफचा होता, अक्षर हनीफचं होतं. फोरमनसाठी आमचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, दोन तास बसून राहिला आणि मी सुटलो. क्लार्कसाठी तो आला नव्हता.

सहाव्या दिवशी हनीफच्या पासपोर्टवर हद्दपारीचा शिक्का बसला. एअरपोर्टवर मला दोन मिनिटं भेटू दिलं. मी माफी मागितली. त्याने मला थांबवलं.

"भाऊ, तुमच्या येळंला काय झालं, ता तुमच्या साहेबांना सांगितलं होतंत?"

तो गेला.

त्या अपघातानंतर नौदलाच्या बोर्ड ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न झाला होता. आदल्या दिवशी गळती दिसली होती का? मी सावधान उभा राहून "नो सर" म्हणालो. अपघाताचं कारण अज्ञात, असा शेरा पडला. हनीफला गमावण्यासारखं सगळं होतं आणि तो गेटवर आला. माझी फक्त एक बढती जाणार होती.

म्हणून आज लिहून देतो. गळती मला दिसली होती. ती मी माझ्या हाताने पुसली. त्या मशीनमध्ये लेफ्टनंट कमांडर अरविंद राजवाडे, लेफ्टनंट थॉमस कुरियन आणि डायव्हर, लीडिंग सीमन बाळू घाडी होते. बाळूची आई दर दिवाळीला कुणाकडून तरी पत्र लिहून घेऊन मला विचारायची की माझ्या मुलाच्या हेलिकॉप्टरला झालं काय होतं.