मामाच्या ट्रॅक्टरवरची जागा

ट्रॅक्टर चालवणारे परभणी जिल्ह्यात पुष्कळ असतील, पण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पोटच्या लेकरांसारखी माया करणारा माणूस एकच, माझा चुडाव्याचा धाकटा मामा. मामी गेल्यापासून तो शेतातच एकटा राहायचा. काळ्या रानात कुणाचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की निरोप त्याला जायचा आणि तो तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघायचा. पोखर्णीच्या एका लग्नात वऱ्हाडाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, तेव्हा हा पंगतीतून उठला आणि उष्ट्या हातानंच टायर दाबून पाहिलं. "हवा लय ठासलीय. चाक मातीला पुरतं टेकतच न्हाई," म्हणत थोडी हवा सोडली आणि दोन जाडजूड व्याह्यांना मागच्या मडगार्डांवर बसवलं. ट्रॅक्टर निघाला. व्याह्यांची धोतरं चिखलानं अशी माखली, की ते वर्षभर मामाशी बोलले नाहीत.

चाक घसरू नये म्हणून वजनासाठी मागच्या ट्यूबांत पाणी भरा, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याच्या स्वतःच्या ट्यूबांत मात्र नुसती हवा. विचारलं तर म्हणायचा, "आमचे गुरुजी हायत की वजनाला."

गुरुजी म्हणजे बौद्धवाड्यातले शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी ते मडगार्डवर बसून इंजिनाच्या आवाजावर ओरडून पेपर वाचत. मामा अर्धंमुर्धं ऐकून मत मात्र पूर्ण द्यायचा. पुढं विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात गाव दुभंगलं. चार माणसं शेतात येऊन म्हणाली, "गुरुजींना ट्रॅक्टरवर बसवू नका."

"मग तुमी बसता का दिवसभर?" मामानं विचारलं.

कुणी बसलं नाही. गुरुजी बसत राहिले. मग एकदा त्यांच्या घरावर दगड आले, आणि महिन्याभरात ते मुलाबाळांना घेऊन पूर्णेला राहायला गेले. सामान मामानंच आपल्या ट्रॉलीतून पोचवलं.

त्यानंतरच्या नांगरटीला मी गेलो, तर मामा नळी लावून मागच्या ट्यूबांत पाणी भरत होता. मी म्हटलं, "गुरुजींना बोलवायचं ना."

"बोलावलं तर येतील ते. मीच बोलवीत न्हाई. कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

त्या दिवशी चाक एकदाही घसरलं नाही. दिवसभराचं रान दुपारपर्यंत नांगरून झालं. मामानं हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि गुरुजींकडे जायला स्टेशनवर निघाला. मी सोबत गेलो. पूर्णेच्या गाडीला अजून दोन तास होते. मी तसं म्हणालो.

"असू दे," बाकावर बसत मामा म्हणाला. "हितं निदान माणसं तरी दिसत्यात."