चौऱ्याहत्तरच्या वेगाचं चलान

ज्या कोणी त्या रस्त्यावर वेग मोजणारा कॅमेरा बसवला, त्याने त्या रस्त्यावरून आयुष्यात एकदाही गाडी चालवलेली नाही. हे मी आजही म्हणतो. बाकी जे जे म्हणत होतो ते सगळं मागे घेतलंय, एवढं एक वाक्य शाबूत ठेवलंय.

तुमचा चहा येईपर्यंत सांगतो. इतक्या अभ्यासपूर्वक केलेला मूर्खपणा तुम्ही ऐकला नसेल.

मी बदलापूरचा. घरात आई, मी आणि एक स्कूटर. स्कूटर कागदावर माझी, पण खरी आईची. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यातल्या बावीस जणांना आई रोज स्वतः स्कूटरवरून दुपारचा डबा पोचवते. त्यांची सुट्टी साडेबाराला. त्याआधी बावीस डबे गेटवर पाहिजेत. घर त्यावर चालतं. मी एम.ए. करतो आणि समाज सुधारतो. त्यावर घर चालत नाही.

समाज सुधारायला आमचा एक ग्रुप आहे. नाव 'सावकाश'. दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण चिखलोलीच्या नाक्यावर बोर्ड घेऊन उभे राहतो आणि जोरात जाणाऱ्यांकडे दुःखी नजरेने बघतो. ग्रुप मी काढला. बोर्डही मीच रंगवतो.

अशा माणसाच्या मोबाईलवर एका सकाळी मेसेज येतो: अमुक रविवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, तुमची गाडी बदलापूर-अंबरनाथ रस्त्यावर ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर वेगाने गेली, दंड भरा.

चौऱ्याहत्तर! मी!

मेसेजबरोबर लिंक होती. उघडली. फोटोत नुसती नंबर प्लेट. नंबर आमचाच. पूर्ण फोटोवर बोट ठेवलं तर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"भरून टाक ना," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "गेली असेल एखाद वेळेस जोरात."

"आई, त्या रविवारी त्या वेळी मी नाक्यावर बोर्ड धरून उभा होतो! म्हणजे कोणीतरी आपल्या नंबरची खोटी प्लेट लावून फिरतंय. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व असू दे. पावट्याच्या शेंगा सोल आधी."

आता, पुरावा माझ्याकडे होता. त्या रविवारचा ग्रुप फोटो! मधोमध मी, हातात नवा कोरा बोर्ड, 'वेग कमी करा. घरी तुमची वाट बघतायत.' मी उल्हासनगरला वाधवानी अंकलकडे गेलो. त्यांचं प्रिंटिंगचं दुकान आहे.

"कितना बडा चाहिये?"

"पोलिसांना दाखवायचाय, अंकल. अन्यायाविरुद्ध."

"तो ए-थ्री ले. बोर्ड का एक एक अक्षर दिखेगा." प्रिंट निघाल्यावर त्यांनी चष्मा वर करून तो न्याहाळला. "बेटा, एक बात बोलू? भर दे. टाइम बचेगा."

"अंकल, सगळेच असं म्हणाले म्हणून देश..."

"हां हां, कितनी कॉपी?"

बारा कॉप्या काढल्या. का, ते विचारू नका. लढ्याला बारा लागतील असं वाटलं.

वाहतूक शाखेच्या चौकीत कदम मॅडम बसल्या होत्या. शांत बाई. माझं तीन पानी निवेदन त्यांनी पूर्ण वाचलं. हे अनपेक्षित होतं. माझी तयारी ते न वाचण्याविरुद्ध होती.

"तुमचं म्हणणं, ही तुमची गाडी नाहीच."

"नाही! नंबर चोरलेला आहे. माझी गाडी बाहेर उभी आहे, तपासा."

"चेसिस नंबर बघायला आरटीओचे साहेब लागतील. ते परवा येणारेत. तेव्हा या गाडी घेऊन."

इथे खरं तर मी "बरं" म्हणून घरी यायचं. तेवढंच करायचं होतं. पण माझ्या अंगात तत्त्व संचारलं होतं.

"परवापर्यंत मी गाडीत काही फेरफार केला असं उद्या कोणी म्हणायला नको," मी म्हणालो. "गाडी इथेच ठेवतो. लिहून घ्या!"

"काही गरज नाही, दादा."

"लिहून घ्या, मॅडम!"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. चावी ड्रॉवरमध्ये गेली. मी ताठ मानेने बाहेर पडलो आणि रिक्षा स्टँडकडे जाताना अर्ध्या रस्त्यात मला आईचे डबे आठवले.

धावत परत गेलो.

"मॅडम, चावी..."

"रजिस्टरला नोंद झाली आता. तपासणी झाल्याशिवाय सुटत नाही. तुम्हीच सही केलीये."

सही माझीच होती. खाली तारीख, वेळ आणि मी स्वतःहून लिहिलेलं 'स्वखुशीने'.

घरी सांगितल्यावर आईने मोठ्या पिशव्या शोधायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती चार पिशव्यांत बावीस डबे घेऊन शेअर रिक्षात बसली. अंबरनाथला उतरून दुसरी रिक्षा. त्या रिक्षावाल्याने आमटीच्या वासावरून आधी सीटवर पेपर अंथरायला लावला. मी बरोबर जायला निघालो तर म्हणाली, "तू नको. तू लढ."

डबे एक वाजता पोचले. दुपारी कारखान्याच्या फोरमनचा फोन आला. स्पीकरवर होता.

"वहिनी, पोरं भुकेने करवादली हो. सुट्टी अर्ध्या तासाची. उद्या परत उशीर झाला तर ते कँटीन लावायचं म्हणतायत. मी किती दिवस थोपवू?"

आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "उद्या बाराच्या आत गाडी दारात पाहिजे. खरी, खोटी, कुठलीही."

मग मी काय केलं असेल? साक्षीदार जमवला. आमच्या ग्रुपचा रूपेश. चिखलोलीच्या शेतकऱ्यांच्या घरातला, नोकरी एमआयडीसीत, मनाने फार सरळ. त्या शनिवारी रात्री तो आमच्याकडेच मुक्कामाला होता आणि रविवारी सकाळी माझ्याच मागे स्कूटरवर बसून नाक्यावर आला होता. वाटेत मी त्याला पढवलं, "आपण नऊला नाक्यावर होतो, एवढंच सांगायचं."

"नऊ वाजून बाराला होतो काय?" तो म्हणाला. "मला तर उशीर झाल्यागत आठवतंय."

"रूपेश, तत्त्व!"

"बरं बाबा."

सकाळी दहाला चौकीत. आरटीओचे साहेब येऊन गेले होते. चेसिस नंबर बरोबर, गाडी अस्सल. मी विजयी मुद्रेने ए-थ्री प्रिंट टेबलावर पसरला.

कदम मॅडम त्यावर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"बोर्ड तुम्ही रंगवलेला?"

"हो!" मला बरं वाटलं. कौतुक कोणाला नको असतं?

"मग हे रंगाचे ओघळ वर कसे गेलेत?"

मी पाहिलं. अंकलची प्रिंट खरंच उत्तम होती. लाल अक्षरांचे ओघळ खाली यायच्या ऐवजी आभाळाकडे निघाले होते.

"बोर्ड उलटा ठेवला होता का वाळायला?"

"छे, सुलटाच धरला होता," रूपेश म्हणाला. सरळ मनाचा, सांगितलं ना. "रंग ओलाच होता मॅडम. रात्री केलान ना याने. मग मी मागं बसून डोक्यावर असा वारं घेत धरला. मीच बोल्लो याला, जरा खेच, म्हंजे नाक्यापर्यंत वालंल."

मॅडमनी प्रिंटवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

तुम्हाला शप्पथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या आठवणीत त्या सकाळी आम्ही गाडी पळवलीच नव्हती. आम्ही बोर्ड वाळवला होता.

मॅडमनी त्यांच्या कॉम्प्युटरवर चलानचा पूर्ण फोटो उघडला. तिथे चक्र वगैरे काही फिरलं नाही. समोरून काढलेला स्वच्छ फोटो. स्कूटरच्या हँडलवर ओणवा झालेला एक इसम. हेल्मेटची काच काळी, चेहरा अजिबात दिसत नव्हता. मागे बसलेल्याचा चेहरा बोर्डने झाकलेला. आणि त्या दोघांच्या डोक्यावर, जहाजाच्या शिडासारखं ताणलेलं, ठळक लाल अक्षरांत: 'वेग कमी करा. घरी तुमची वाट बघतायत.'

मॅडमनी माझा ए-थ्री स्क्रीनशेजारी धरला. तोच बोर्ड. तोच शर्ट. तेच वर चढणारे ओघळ.

"यात चेहरा दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही हा फोटो आणला नसता, तर गाडीवर तुम्हीच होता हे आम्हाला कधी कळलं नसतं." मग ए-थ्री टेबलावर ठेवत, "आणखी कॉप्या आहेत?"

"अकरा," मी म्हणालो.

"एक फाईलला लावते."

मी दंड भरला. तीन पानी निवेदनाखाली 'तक्रार मागे घेत आहे' असं लिहिलं. या वेळी स्वखुशीने लिहायला मॅडमनीच सांगितलं. चावी हातात पडली तेव्हा पावणेबारा वाजले होते.

घरी पोचलो तर आई डबे भरून दारात उभी. "मी जाते," म्हणाली.

"नाही आई. चूक माझी, डबे मी पोचवणार."

आणि मी निघालो. पण आता मी बदललेला माणूस होतो. ठरवलं, काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. ट्रक गेले, टँकर गेले. एक सायकलवाला बराच वेळ माझ्या बरोबरीने गप्पा मारत आला आणि कंटाळून पुढे निघून गेला. मी ढळलो नाही.

कारखान्याच्या गेटवर एक वाजायला दहा मिनिटं होती. म्हातारे वॉचमन काका दाराशीच उभे होते. आत बावीस जण रिकाम्या टेबलांशी बसलेले दिसत होते. मी पिशव्या उतरवता उतरवता काकांना सगळं सांगितलं. कॅमेरा, बोर्ड, ओघळ, चौऱ्याहत्तर, आणि आता मी नियमात गाडी चालवतो म्हणून झालेला हा उशीर.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. डबे मोजून आत दिले.

"चांगलं केलंत दादा," ते म्हणाले. "फक्त उद्यापासून आईंनाच पाठवा. त्यांना कुठं हळू करायचं ते ठाऊक आहे. सगळे कॅमेरे पाठ आहेत त्यांना."