शिट्टीमास्तरांचे पाच जण

शिट्टीमास्तर कधीच कुणाचे मास्तर नव्हते. पोटासाठी ते वजनकाटे दुरुस्त करत आणि संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहत. तरुणपणी कुणीतरी त्यांच्या हातात शिट्टी दिली होती, ती गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत सुटली नाही. मास्तर ही पदवी पोरांनी दिलेली. एवढ्या शिस्तीचा माणूस मास्तर नाही तर दुसरा कोण असणार!

पंचानं कसं वागावं याचे त्यांचे नियम पुस्तकातल्यापेक्षा कडक होते. सामन्याला एकटं यायचं, एकटं जायचं. कुठल्याच संघाचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा घरून आणायचं. खेळाडूला नावानं हाक मारायची नाही, नंबरानं मारायची, आणि तीही अहो-जाहो करून. "सात नंबर, तुम्ही ढकललंत." झालं. निर्णय दिला की दिला, त्याचं कारण सांगत बसायचं नाही.

"अहो, एका कप चहानं कुठे सामना विकला जातो का?" बायको विचारायची.

"एका कपानं नाही जात. पण दुसरा घेताना पहिला आठवतो."

बायको होती तोवर हे खपून गेलं. तिच्या ओळखीपाळखी दोघांना पुरतील एवढ्या होत्या. ती गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, काट्यांचं दुकान बंद केलं, शिट्टी थांबली, आणि मग मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला गाव ओळखतं, पण आपल्याकडे येत कुणी नाही. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "काय मास्तर, बरं ना?" म्हणायचा. मात्र म्हणताना त्याचे पाय थांबायचे नाहीत. पंचापाशी थांबायचं नसतं, हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

दिवस मोठे झाले होते. सकाळी पेपर आला की ते तो पुरवून पुरवून वाचत, छोट्या जाहिरातींसकट. दुपारी जिन्यावर पावलं वाजली की मान वर होई. पावलं वरच्या मजल्यावर निघून जात. रविवारी मुलीचा फोन येई. "जेवलात का बाबा?" "जेवलो." "काय केलं होतं?" "नेहमीचंच." त्यापुढे दोघांनाही सुचत नसे, आणि मग ती म्हणे, "बरं, काळजी घ्या."

अशात एक दिवस क्लबाचा सेक्रेटरी घरी आला. माणूस टायरच्या धंद्यातला, बोलणंही तसंच हवा भरलेलं. क्लबाला साठ वर्षं होत होती. हॉलच्या भिंतीवर क्लबाचा आजवरचा सर्वोत्तम संघ रंगवायचा होता, साठ वर्षांतले निवडून पाच खेळाडू. कमिटीत त्यावरून हमरीतुमरी झाली होती.

"शेवटी सगळ्यांचं एकाच नावावर एकमत झालं," सेक्रेटरी म्हणाला. "तुमच्या! तुम्ही जे पाच सांगाल ते भिंतीवर. कोण तुम्हाला पक्षपाती म्हणेल?"

"म्हणजे भांडण तुमचं आणि ते माझ्या गळ्यात."

"तुमचा गळा मोकळाच आहे की आता!"

खरं सांगायचं तर सेक्रेटरी जिना उतरेपर्यंत मास्तरांच्या डोक्यात पाचही जण उभे राहिले होते. पहिले दोघे वादातीत होते. एक मुकादम, साऱ्या संघाला नुसत्या भुवयांनी हलवणारा. दुसरा डावरा. त्याचा पास कुठून निघाला हे चेंडू पोचल्यावर कळायचं. मुकादम वारला होता, डावरा परदेशी स्थायिक झाला होता. उरलेले तिघेही मास्तरांना स्वच्छ दिसले, वाटच पाहत असल्यासारखे. दुसऱ्या दिवशी हॉलवर जाऊन सांगून टाकायचं, एवढंच राहिलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजलं. दारात खांब. बास्केटखाली उभा राहून उभी हयात काढलेला, आता औषधांच्या दुकानाचा मालक. चौकटीत डोकं आपटू नये म्हणून वाकून आत आला आणि खुर्चीवर बसल्यावरही उभ्याएवढाच दिसला.

"सहज आलो. म्हटलं, मास्तरांची तब्येत बघावी."

"बरी आहे. तुम्ही बसा, चहा टाकतो."

"अहो, मला काय अहो-जाहो करता! तू म्हणा."

सहज आलेला खांब दोन तास बसला. संध्याकाळी चिकट आला. समोरच्या खेळाडूच्या अंगाला गोचिडासारखा लागायचा म्हणून चिकट. आता घड्याळं दुरुस्त करत होता. तोही तब्येत बघायलाच आला होता. पुढच्या दिवशी सात नंबर उगवला. क्लबाच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण त्याचे. आता विमा विकायचा आणि पोट पुढे घेऊन चालायचा. त्यानं तब्येतीचं नाटकसुद्धा केलं नाही. "मास्तर, मी आहे ना?"

"विचार चाललाय," मास्तर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गेलेली ही पहिली खोटी शिट्टी.

मग घर भरायला लागलं. एक आला की दुसरा त्याच्यावर नजर ठेवायला यायचा. मास्तरांनी नवे कप आणले, साखर जास्तीची आणली. सात नंबरनं उशा मांडून जुना अंतिम सामना दिवाणावर खेळून दाखवला, पाण्याचा तांब्या म्हणजे मास्तर. "हा तांब्या हलला नाही म्हणून फाउल मिळाला नाही!" तो ओरडला, आणि मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

किती गोष्टी त्यांना आत्ता कळत होत्या! पंच खेळाडूच्या हातभर अंतरावर उभा असतो. कुणाचा श्वास कधी फुलतो, फ्री थ्रोच्या आधी कोण ओठ चावतो, हे त्यांना पाठ होतं. पण खांबाची बहीण चिकटला दिलीय, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मॅचमध्ये आमच्या अंगाला चिकटायचा, मग घरालाच चिकटला," खांब म्हणाला.

"बहीण तुझ्यापेक्षा बुटकी आहे एवढं बघूनच हो म्हटलं मी," चिकटनं परतवलं.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, आवाज कसला येतोय? टीव्ही लावलाय का?"

"टीव्ही कसला! माणसं आलीत. तू नंतर कर." फोन ठेवताना त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा झाला होता.

सेक्रेटरीचे निरोप येत होते. मास्तर म्हणायचे, "घाई कशाला? साठ वर्षांचा प्रश्न आहे." आणि जिन्याच्या दारापर्यंत सोडायला जाताना प्रत्येकाच्या कानात काहीतरी गोड सांगायचे. खांबाला सांगितलं, तुझ्याशिवाय संघ उभा कसा राहील? चिकटला सांगितलं, तुझ्याशिवाय संघ राखील कोण? सात नंबरला नुसतं हसून दाखवलं. नाव सांगितलं की हे येणं थांबणार, हे त्यांना लख्ख ठाऊक होतं. भिंतीवर गेलेला कशाला येईल? आणि न गेलेला तर तोंडही दाखवणार नाही.

एका सकाळी भिंत रंगवणारी बाई स्वतःच आली. हाताला कोपरापर्यंत निळा रंग.

"काका, मी पाच धडं रंगवून बसलेय. आता डोकी द्या. मला पुढच्या कामाला जायचंय."

"देतो हो. दोन दिवस."

"हॉलमध्ये पोरं मला विचारतात, हे भुताटकीचं चित्र आहे का?"

मास्तर हसले, पण ती गेल्यावर हसू टिकलं नाही. आणि त्याच संध्याकाळी जे व्हायचं ते झालं. खांब आणि चिकट एकाच वेळी आले, आणि बोलता बोलता दोघांनीही सांगून टाकलं की मास्तरांनी आपली जागा धरलीय. खांबाला वाटलं, चिकट थापा मारतोय.

"तुला कशाला घेतील? जन्मभर फाउलवर जगलास!"

"आणि तू? बास्केटखाली नुसता उभा. चेंडू येऊन तुझ्यावर आपटायचा, त्याला हे रिबाऊंड म्हणायचे!"

इथवर गंमत होती. पण मेहुण्या-मेहुण्यांचं भांडण खेळावर थांबत नाही. लग्नात कुणी काय दिलं नाही, आजारपणात कोण फिरकलं नाही, सगळं बाहेर आलं. मास्तर मध्ये उभे होते. इतकी वर्षं अशा दोघांच्या मध्ये शिरून, शिट्टी फुंकून त्यांना वेगळं केलं होतं. आज मध्ये पडायचा हक्क उरला नव्हता, कारण आग त्यांनीच लावली होती. आधी चिकट गेला. पाठोपाठ, डोकं चौकटीवर आपटून, खांब.

मास्तर चहाच्या भरल्या कपांकडे पाहत बसले. पुढे असलेला संघ चेंडू नुसता हातात खेळवत वेळ काढायला लागला की प्रेक्षक ओरडत आणि मास्तर शिट्टी वाजवत. खेळ रेंगाळवणं हा गुन्हा आहे, त्याला दयामाया नाही. तोच गुन्हा त्यांच्या घरात कितीतरी दिवस चालला होता. चेंडू त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी ते हॉलवर गेले. सेक्रेटरी होता, कमिटी होती, शिडीवर बाई होती. पाच बिनडोक्याच्या धडांसमोर उभं राहून त्यांनी एका दमात सांगितलं, "मुकादम. डावरा. खांब. चिकट. आणि बदली."

"बदली?" सेक्रेटरी चक्रावला. बदली म्हणजे कायम बाकावर बसणारा, कुणी दमलं तर आत जाणारा एक अबोल माणूस. तोही आता हयात नव्हता. "आणि सात नंबर?"

"निर्णय दिलाय," मास्तर म्हणाले आणि निघाले.

त्यांना वाटलं होतं तसंच झालं, कुणी येईना. चहाच्या वेळी मास्तर दोन खुर्च्या समोरासमोर ठेवत, आणि दिवेलागणीला त्यातली एक उचलून परत भिंतीशी लावत. खांब आणि चिकट दोघंही भिंतीवर शेजारी शेजारी चढले होते, पण खाली एकमेकांचं तोंड बघत नव्हते. नवे कप मास्तरांनी वरच्या फळीवर ठेवून दिले. रविवारी मुलीनं विचारलं, "माणसं आलीत का बाबा?" ते म्हणाले, "आत्ताच गेली." नेहमीचं विचारून झाल्यावर तिनं पुन्हा एकदा विचारलं, "जेवलात ना बाबा?" तिला कळलं असावं.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि वर गेली नाहीत. दारात सात नंबर, घामानं डबडबलेला, रागानं लाल.

"मला कारण पाहिजे."

"पंच कारण सांगत नसतो."

"पंच होतात तेव्हा! आता कसले पंच? सगळ्यात जास्त गुण माझे. बदलीचे किती? बोटांवर मोजा, बोटं उरतील!"

मास्तरांनी समोर मांडून ठेवलेल्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाले, "बस." पहिल्यांदाच ते त्याच्याशी एकेरीत बोलले. "एक सांग. चेंडू तुझ्या हातात नसायचा तेव्हा तू काय करायचास?"

"काय करणार? मिळायची वाट बघायचो."

"तेच. चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असतो. बाकीचे चार काय करतात, ते मी बघायचो. बदली आत आला की पळत राहायचा. चेंडू मिळेल म्हणून नाही, दुसऱ्याला वाट मोकळी व्हावी म्हणून. तू कोपऱ्यात उभा राहायचास, हात पुढे करून."

सात नंबर खुर्चीत मागे रेलला. रुमालानं मान पुसली. "इतकं बघायचात?"

"दुसरं काय होतं मला बघायला?"

"आणि तुम्ही?" तो एकदम म्हणाला. "तुम्ही आता काय करताय? खुर्ची मांडून वाट बघत बसलायत. हात पुढे करून. माझ्यावरून निकाल देता!"

मास्तरांना हे लागलं. इतकं नेमकं त्यांना कधी कुणी पकडलं नव्हतं. ते काही बोलणार तोच सात नंबर उठला.

"चपला घाला."

"कुठे?"

"चिकटच्या दुकानात. त्या दोघांना तुम्ही भांडायला लावलंत. बायका रडकुंडीला आल्यात. जाऊन सांगा, चूक तुमची म्हणून."

"तो हाकलून देईल."

"देऊ दे. मलाही तुम्ही हाकललंतच ना? आलो ना मी?"

घड्याळांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. चिकट डोळ्याला भिंग लावून कामात वाकलेला होता. मास्तर पायरीवर उभे राहिले आणि रस्ताभर जुळवत आणलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "तुम्हा दोघांनाही मीच आशा लावली होती. खांब थापा मारत नव्हता. तूही नव्हतास. मीच मारत होतो. तुम्ही येत राहावं म्हणून."

चिकटनं भिंग काढलं नाही, मान वर केली नाही. पण पायानं टेबलाखालचं स्टूल पुढे ढकललं.

स्टूल एकच होतं, आणि त्यावर सात नंबर आधीच बसला.

"हे त्याच्या दुकानातही जाऊन बोलणार का?" चिकटनं खालमानेनंच विचारलं.

"तिकडेच निघालोय."

"मग जरा थांबा. एवढं झाकण लावतो, मीही येतो. तुम्ही आत या, पायरीवर उन्हात कशाला उभे?"

मास्तर अंग चोरून आत शिरले. त्या फटीत तिघांना जागा नव्हती. सात नंबरच्या पोटाला त्यांचं कोपर लागत होतं, आणि तो म्हणाला, "मास्तर, फाउल."