थोरलीचं मशीन

गल्लीत त्या दोघी बहिणींना कुणी नावाने ओळखतच नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. थोरली गेल्यावर तरी धाकटीला बढती मिळायला हवी होती. पण साठी उलटली, केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच राहिली.

जिन्याच्या टोकाची एक खोली हेच त्यांचं शिवणकामाचं दुकान. जमीन लाकडी फळ्यांची. खिडकीशी पाठीला पाठ लावून ठेवलेली, पायाने चालवायची दोन मशिनं. थोरली गिऱ्हाइकाचं माप घेऊन आकडे मोठ्याने सांगायची आणि मागे वळूनही न बघता धाकटी कापडावर खडू ओढायची. एकेक आकड्यानंतर थोरली म्हणे, "हं." त्या 'हं'वर धाकटीचा हात पुढे सरके. उभ्या जन्मात तिने 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

पैशाची रीतही थोरलीचीच. काम बहुतेक पांढऱ्या कापडाचं, म्हणून शिवताना नोटेला हात लावायचा नाही. दाराजवळ पत्र्याचा डबा होता. एखादा आगाऊ तरीही नोट नाकासमोर नाचवायचा. थोरली मान वर न करता म्हणायची, "येणाऱ्या पैशाला आपला हात लागत नाही. डब्याला तोंड आहे, तुम्हाला हात आहेत."

थोरली गेली आणि तिचं मशीन मागे राहिलं. धाकटी शिवायला बसली की फळ्या हलत, फळ्यांबरोबर पाठीमागचं पायडलही हले. इथवर ठीक. पण धाकटीने पाय थांबवला तरी ते थांबत नसे. एक टाका जास्त घालून थांबे. जिवंतपणी थोरलीची हीच खोड होती. बहिणीच्या आधी म्हणून कधी थांबायची नाही. धाकटीने पट्टा काढून ठेवला. पायडलखाली लाकडाची पाचर ठोकली. सकाळी पाचर भिंतीशी पडलेली.

"उंदीर असेल, आत्या," भाची म्हणाली.

"उंदराला शिवणकाम येतं का गं?"

"मग विकून टाक ना! मोठी आत्या काही परत येऊन मशीन मागणार नाही."

धाकटी त्यावर हसली नाही. भाचीने फोटो काढून मशीन ऑनलाइन विकायला ठेवलं. "पैसे आल्याशिवाय मशीन हलू द्यायचं नाही," एवढं बजावून ती गेली. येण्याऐवजी पैसे जाऊही शकतात, हे सांगायचं राहून गेलं. आणि खात्यात जे होतं ते धाकटीच्या डोळ्यांचं होतं. मोतीबिंदू पिकला होता, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. ऑपरेशनची तारीख ठरली होती. शिवणारीचे डोळेच गेले तर मागे काय उरतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गृहस्थ इतका गोड, की समोर असता तर धाकटीने चहा टाकला असता.

"मशीन पसंत आहे, ताई. घासाघीस करणार नाही. माझा माणूस टेम्पो घेऊन निघालाय. पैसे आत्ताच पाठवतो. एक चौकोनी कोड आलाय बघा, तो उघडा. उघडला? हं. खालचं बटण दाबा. हं. आता पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील. पहिला आकडा… हं."

पडद्यावरची अक्षरं धुरकट होती, पण 'हं' स्वच्छ ऐकू येत होता. धाकटीचं बोट चाललं. दुसरा आकडा, हं. तिसरा, हं.

पाठीमागे पायडल हललं.

धाकटीचं बोट थांबलं. ती शिवत नव्हती. स्टुलावर बसली होती, पाय जमिनीला टेकलेले. पायडल एक टाका चाललं आणि थांबलं.

"ताई? शेवटचा आकडा."

"पैसे तुम्ही देताय ना?" तिने विचारलं.

"हो, मीच."

"मग माझा हात कशाला लागतो?"

"अहो, सिस्टमच तशी आहे."

"आमच्याकडे नाही."

"ए म्हातारे, डोकं खाऊ नकोस! दाब!"

थोरलीने तिला आयुष्यात कधी 'दाब' म्हटलं नव्हतं. धाकटीने फोन बंद केला आणि तो पत्र्याच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं.

संध्याकाळी भाचीने तो कोड उघडला. तिचा चेहरा उतरला. "आत्या, हे पैसे द्यायचं पान आहे गं. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. सगळं खातं धुऊन गेलं असतं! आता मशीन राहू दे का?"

"नको," धाकटी म्हणाली. "आता तर जास्तच भीती वाटते."

शेवटी बाजारातली पिशव्या शिवणारी बाई येऊन मशीन चालवून बघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी हमाल घेऊनच आली. धाकटीने फोन टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली. बाईने आपल्या फोनवरून पैसे पाठवले. मेसेज आला, पण भाचीने त्यावर विश्वास न ठेवता खातं उघडून रक्कम जमा झालेली पाहिली. मगच मशीन जिना उतरलं.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. धाकटीने आपल्या हाताने सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसली. मागे फळ्यांवर मशीनच्या पायांचे खड्डे तेवढे राहिले होते. शिवण संपली, तिने पाय थांबवला.

मागे एक फळी करकरली. एकदाच, जरा उशिराने.

ती वळली नाही. पुढचं कापड सुईखाली सारत हळूच म्हणाली, "हं."