तेल लावलेली केबल

मागच्या उन्हाळ्यात मी न्हाणीत घसरून पडले आणि मनगट मोडलं. लेक पुण्याहून मला न्यायला आला. मी म्हणाले, येत नाही. त्याच्याकडे मी आधी राहून आले आहे. सकाळी नवराबायको कामाला जातात, नात शाळेत जाते, आणि मी सातव्या मजल्यावर आतून कडी लावून बसते. समोरच्या फ्लॅटात कोण राहतं ते मला निघेपर्यंत कळलं नाही. इथंही मी एकटीच आहे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, जमीन बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिली आहे, कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. पण इथं दार उघडं टाकून बसता येतं. कोणी येत नाही ही गोष्ट वेगळी.

दिवाळीला तो परत आला तेव्हा एक काळा डबा घेऊन आला. मिसळणाच्या डब्याएवढा. म्हणाला, हा कॉम्प्युटर आहे, ऑफिसात जुने झालेले काढून टाकले त्यातला. त्याने तो टीव्हीला जोडला, टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवला, इंटरनेट घेतलं. डब्याचं बटण दाबलं की टीव्हीवर त्यांच्या घरातला हॉल दिसतो आणि त्यांना मी दिसते, अशी सोय करून ठेवली. मोबाईलवर का नाही, असं लोक विचारतात. मला त्यातलं बारीक दिसत नाही, आणि बोट लागलं की भलतंच उघडतं.

"रोज सकाळी चालू करायचं," तो म्हणाला. "दिसत राहिलीस तर राहा इथं. दिसली न्हाईस की मी गाडी घेऊन येणार. मग तुझं काही ऐकणार न्हाई."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो गेला तेव्हा आपल्या वायरी गोळा करता करता डब्यातून टीव्हीला जाणारी केबलही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं तर डब्याचा दिवा लागला, टीव्ही काळाच. मागं हात घातला तर वायरच नाही. फोन केला.

"अगं, माझ्याच बॅगेत आली ती," तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ दे आई. सोड हा नाद. तुला जमायचं न्हाई. पुढच्या रविवारी येतो, चल तू."

त्याचा आवाज ऐकून मला कळलं की केबल नाही हे त्याला बरंच वाटलं आहे.

"वसमतला मिळत आसंल की," मी म्हणाले.

"मिळतं. एचडीएमआय म्हण. कुठंबी मिळतं."

ते नाव मी तालुक्याला जाताना वाटभर घोकत गेले. एसटी स्टँडच्या मागच्या दुकानात एका पोराने न बघताच केबल काढून दिली. घरी येऊन लावायला बसले. एक तोंड टीव्हीत गेलं, बिनतक्रार. दुसरं डब्यात जाईना. डब्याच्या मागं भोकंच भोकं. एक निळं, रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा असलेलं, ते नव्हे हे दिसत होतं. कॅमेऱ्याची वायर जिथं जाते ती चौकोनी भोकं मला माहीत होती. ती वायर नेहमी एका बाजूने जात नाही, उलटी केली तरी जात नाही, आणि परत पहिल्यासारखी केली की जाते. पुढच्या अंगाला एक बारकं लांबट भोक होतं, लेकाच्या फोनचं चार्जर त्यात बसायचं, उलटं घाला नाहीतर सुलटं. असं शहाणं भोक एकच. केबलच्या तोंडाशी जुळणारी मागं दोनच होती. अगदी तसलीच, पण जराशी वेगळी. केबलच्या तोंडाचे खालचे दोन्ही कोपरे कापलेले, भोकाचा एकच. मला वाटलं, नवीन आहे म्हणून घट्ट आहे.

बांगडी चढत नसली की आपण काय करतो? खोबरेल तेलाचं बोट फिरवतो आणि दाबतो. मी तेच केलं. भिंतीपलीकडची चुलत जाऊ तेवढ्यात विळी मागायला आली आणि उभी राहून बघू लागली.

"बाई, काय करून राहिल्या?"

"दिसत न्हाई का? लेकाला टीव्हीत आणून राहिले."

"घरात होता तवा तर त्याच्याशी धड बोलला न्हाईत."

"तवा तो बी कुठं बोलला? विळी तिथं फळीवर हाय, घे आन जा."

ती गेली. मी जोर लावला. केबल अर्धी आत गेली आणि अडकली. टीव्ही काळाच राहिला. ओढली तर निघेना. चिमट्याने ओढून काढली तेव्हा भोकातली पातळ पट्टी वाकलेली दिसली.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "मिळाली का?"

"मिळाली."

"मग लाव की. जातं ते बरोबर."

"उद्या लावते," मी म्हणाले. रविवारला चार-पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी डबा लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि पिशवीत घालून परत वसमतला गेले. त्या दुकानात नाही गेले. हळदीच्या बाजाराकडे जाताना एक दुरुस्तीवाला आहे, पांढऱ्या दाढीचा, त्याच्याकडे गेले. त्याने डबा उलटा केला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"अम्मा, इसको तेल कायको लगाया?"

"जात नव्हतं."

"जात नव्हतं म्हणून तेल?"

"तुमच्या घरच्या बायका बांगड्या कशा भरतात?"

तो एवढा हसला की शेजारच्या चप्पलवाल्याने डोकं काढून विचारलं, क्या हुआ चाचा. त्याने त्यालाही सांगितलं. दोघं हसले. मी बसून राहिले. हसून झाल्यावर तो म्हणाला, "एक भोक गेलं. दुसरं चांगलं आहे. तुमचं नशीब, कंपनीनं दोन दिलेत."

त्याने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तेल पुसलं आणि पुसता पुसता सांगितलं की टीव्हीवाल्यांनी एक तोंड ठरवलं आणि कॉम्प्युटरवाल्यांनी दुसरं. ऑफिसातल्या डब्यांना बहुतेक दुसरंच असतं, त्याला डिस्प्ले पोर्ट म्हणतात. माझ्या लेकाची केबल एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशी असणार.

"त्याला म्हाईत नव्हतं का?"

"स्वतःची केबल कोण बघतंय, अम्मा? जी जोडली ती चालली."

"मग दोघांनी मिळून एकच काहून ठरवलं न्हाई?"

"तुमचं एका कुकरचं झाकण दुसऱ्याला बसतं का?"

ते मला पटलं. पण तसली केबल त्याच्याकडे नव्हती. वसमतमध्ये कोणी मागत नाही म्हणाला. शुक्रवारी नांदेडहून माल येतो, त्यात मागवतो. मी विचारलं, नक्की का? तो म्हणाला, "एवढी कसली घाई?"

"रविवारी लेक न्यायला येतोय."

"अच्छी बात है ना."

मी डबा परत फडक्यात बांधायला घेतला. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि कागदाच्या तुकड्यावर केबलचं नाव लिहून भिंतीच्या खिळ्याला लावलं.

शनिवारी केबल मिळाली. त्याने कोणतं टोक कुठं ते दाखवलं आणि बजावलं, ही एकाच बाजूने चालते, डब्याकडून टीव्हीकडे. उलट जोडून बघू नका. आणि तेल नका लावू.

घरी येऊन लावली. टक्क असा आवाज झाला आणि बसली. टीव्हीवर त्यांचा हॉल आला. लेक चहा पीत होता. मला बघून त्याने कप खाली ठेवला.

"लागलं व्हय?"

"लागलं की."

"कुणी लावून दिलं?"

"मीच."

त्याने कप परत उचलला. सून आली, तिने हात हलवला. नात येऊन म्हणाली, "आजी, तू खूप जवळ बसलीस, फक्त नाकच दिसतंय." रविवारी गाडी आली नाही.

मग ते रोजचं झालं. सकाळी आठला तो येतो, गोळी घेतली का, जेवायला काय करणार, एवढं विचारतो आणि बूट घालतो. मग दार लागल्याचा आवाज. चालूच ठेव म्हणतो, मी मधून मधून ऑफिसातून बघतो. म्हणून मी ठेवते. दिवसभर माझ्यासमोर त्यांचा रिकामा सोफा असतो. उन्हाचा पट्टा त्यावरून सरकत जातो. कधी कुकरची शिट्टी ऐकू येते, ती शेजारच्या फ्लॅटातली असावी. मी तांदूळ निवडते तेही त्या सोफ्यासमोर बसून. एकदा त्या सोफ्यावरून उशी खाली पडली. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. उचलणारं कोणी नव्हतं आणि मला उचलता येत नव्हती.

पुढं पुढं घाई असली की तो टीव्हीकडे न बघताच बूट घालून निघायचा. चैत्रात वादळ झालं आणि खांब पडले. गावातली लाईट गेली, इंटरनेटही गेलं. टीव्ही काळा. पहिल्या दिवशी मी फोन मांडीवर घेऊन बसले. आता त्याचा फोन येणार, दिसत नाहीस म्हणणार, गाडी काढणार. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. खांब पडले त्यात माझा काय दोष, पुण्याला लाईट जात नाही का, असं सगळं. मुद्दाम मी स्वतःहून फोन केला नाही. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चुलत जावेकडे इन्व्हर्टर आहे, तिथं जाऊन फोन चार्ज करून आणला, म्हटलं बंद असेल म्हणून लागत नसेल. तसं नव्हतं.

लाईट आली तेव्हा मी बटण दाबलं. रविवार होता, सगळे घरात होते.

"बघ आई," तो म्हणाला, "कसं मस्त चालून राहिलं. मी उगाच घाबरत होतो. तू राहा तिथंच, बिनधास्त."

"राहते," मी म्हणाले.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. इतके दिवस टीव्ही काळा होता हे त्याला कळलंच नव्हतं, आणि वादळाचं मीही त्याला सांगितलं नाही. गोळी घेतली का म्हणून त्याने विचारलं, घेतली म्हणाले. तो उठून आत गेला, आणि मी चुलीवर भाकरीचा तवा ठेवला.